पोचायचं नसलेली गाडी

देवळी तालुक्यातल्या पुलगावहून आर्वीला एके काळी एक छोटी गाडी जायची. रुळांमधलं अंतर अवघं अडीच फूट, मार्ग पस्तीसेक किलोमीटरचा, सुरुवात १९१७ ची. तिची थोरली बहीण १९०३ पासून मूर्तिजापूर–यवतमाळ मार्गावर धावत होती. तिला लोक ‘शकुंतला’ म्हणत. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने हे रूळ टाकले ते कापसासाठी: वऱ्हाडातल्या गाठी मुंबईला न्यायच्या, तिथून मँचेस्टरच्या गिरण्यांना. शकुंतलेला ओढणारं वाफेचं इंजिनही १९२१ साली मँचेस्टरलाच बनलेलं. ते १५ एप्रिल १९९४ पर्यंत राबलं. त्या गाडीत निसर्ग पाहायला कोण बसणार? बाजार, कोर्टाची तारीख, लेकीचं सासर, अशी कामं घेऊनच माणसं चढत.

आता वाफेच्या गाडीत बसायचं म्हणजे सहल. दार्जिलिंगची ‘जॉय राइड’ घूमपर्यंत जाते आणि प्रवाशांना पुन्हा दार्जिलिंगलाच आणून सोडते. देवळीचं एखादं कुटुंब तिथून परतलं आणि घरच्या आजीने विचारलं, ‘कुठं गेले होते?’, तर खरं उत्तर असं येईल की जिथून निघालो तिथेच परत आलो. मग तिकीट कशाचं काढलं? प्रश्न साधा आहे, पण यात्रा आणि सहल यांत फरक कोणता, हा जुना धार्मिक पेच त्यात दडला आहे.

गांधीजींचं या बाबतीतलं मत कडक होतं. १९०९ च्या ‘हिंद स्वराज्य’मध्ये त्यांनी लिहिलं की आगगाडीने तीर्थक्षेत्रं बिघडवली. पूर्वी हाल सोसून खरे भक्तच तिथे जात, आता लबाडही सहज पोचतात. पुढे १९३६ मध्ये देवळीपासून जवळच, सेवाग्रामला त्यांनी मुक्काम केला आणि देशभर फिरले ते रेल्वेच्याच तिसऱ्या वर्गाने. यात विसंगती शोधण्यापेक्षा त्यांचा मूळ मुद्दा तपासणं महत्त्वाचं. पुण्य कष्टात असतं का?

उत्तर पवनारहून निघालेल्या एका वाटेवर सापडतं. मार्च १९५१ मध्ये विनोबा हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीच्या संमेलनासाठी चालत निघाले. संमेलन आटोपल्यावर तेलंगणात पायीच फिरताना १८ एप्रिलला पोचमपल्लीत भूमिहीनांनी त्यांच्याकडे जमीन मागितली. त्या गावच्या रामचंद्र रेड्डींनी शंभर एकर देऊ केली आणि भूदान सुरू झालं. विनोबा आगगाडीने परतले असते, तर पोचमपल्ली वाटेत आलीच नसती. तिथे पाय दुखण्याचं पुण्य फळाला आलं असं म्हणवत नाही. फळाला आलं ते थांबता येणं. वाटेतलं माणूस समोर येऊन बोलू शकलं, हे मोठं.

वाफेच्या इंजिनाला हे थांबणं उपजतच ठाऊक आहे, कारण त्याला तहान लागते. निलगिरीत मेट्टुपालयमहून कुन्नूरकडे चढणारी गाडी दाट रानातून जाते. बारा फुटांना एक फूट असा तिथला चढ. इंजिन मागून डबे ढकलतं आणि रुळांमधल्या दातेरी पट्टीला धरून वर सरकतं. वाटेत हिलग्रोव्हसारख्या ठिकाणी त्याला पाणी पाजावं लागतं, तेव्हा सगळे खाली उतरतात. उटीपर्यंतच्या ४६ किलोमीटरला जवळजवळ पाच तास लागतात. तेवढ्या वेळात माणसाला झाडं एकेक करून दिसू लागतात.

फिरून त्याच जागी येणं आपल्या परंपरेला मुळीच नवं नाही. प्रदक्षिणा तेच करते. नर्मदेची परिक्रमा करणारा वर्षानुवर्षं चालून, जिथे संकल्प सोडला तिथेच येऊन थांबतो. त्याला कुणी वेळ फुकट घालवल्याचं म्हणत नाही. मात्र प्रदक्षिणेला मध्यभाग लागतो. देव उजव्या हाताला ठेवून चालायचं असतं. आरतीनंतर घरोघरी माणसं जागच्या जागी स्वतःभोवती फिरतात, पण तेव्हाही हात जोडलेले असतात, कारण देव आत बसला आहे अशी भावना असते. दार्जिलिंगच्या वाटेवर बतासियाला गाडी एक पूर्ण वळसा घेते. त्या वळशाच्या मधोमध गोरखा सैनिकांचं स्मारक आहे. खिडकीतल्या प्रवाशाची नजर स्मारकावर असेल तर ती प्रदक्षिणाच. नजर मोबाइलमधल्या स्वतःच्या चेहऱ्यावर असेल, तर मात्र गाडी नुसतीच गोल फिरली. सहल आणि यात्रा यांची सीमा इथे आहे, असं ठामपणे म्हणावंसं वाटतं. अंतर किंवा हाल यांनी ती आखली जात नाही.

म्हणून प्रवाशाची नजर बाहेरच्या रानाकडे वळवणाऱ्या वाटाड्याचं काम जोखमीचं. माथेरान १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांनी ‘शोधलं’ असं पुस्तकांत असतं. त्या रानात ठाकर-कातकरी आधीपासून वावरत होते, त्यांच्यासाठी शोधायचं काय होतं? नेरळहून वर जाणारी छोटी गाडी १९०७ मध्ये आली, पुढे तिची वाफ गेली आणि डिझेल आलं. फेरीचं वेळापत्रक सांगणारा तिथे सहज मिळतो. पण हे हिरड्याचं झाड, याचं फळ घरात कशाला वापरतात, इथे कोणता देव राखण करतो, हे ज्याचं घरच रान आहे त्याने सांगावं आणि त्या सांगण्याचा पूर्ण मोबदला त्याला मिळावा. नाव कळलेलं झाड माणूस पुन्हा ओळखतो.

कालिदासाची शकुंतला कण्वाच्या आश्रमात वाढली. झाडांना पाणी घातल्याशिवाय ती स्वतः पाणी पीत नसे. वऱ्हाडातल्या शकुंतलेच्या खिडकीतून दिसायची ती बहुतेक कापसाची, तुरीची शेतं आणि बाभळी. त्यांना कुणी निसर्गरम्य म्हटलं नाही. आता देवळीतून ब्रॉडगेज जाते. वर्धा–कळंब गाडीला २८ फेब्रुवारी २०२४ रोजी हिरवा झेंडा मिळाला. हा मार्ग पुढे यवतमाळवरून नांदेडला जोडायचा आहे. या गाडीत बसणाऱ्याला पोचायचंच असतं, दवाखान्यात किंवा कॉलेजात. पण बाहेर तीच काळी माती आहे, पऱ्हाटी आहे, बांधावरची बाभूळ आहे, आणि खिडकीजवळची जागा मिळाली तर कळंबपर्यंत तिच्याकडे पाहत जाता येतं.