धाव कोणाची?

अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीची वसाहत आपल्या परिचयाची आहे. खडकीच्या तशाच वसाहतीत धनराज पिल्ले मोडक्या स्टिकांनी हॉकी शिकले; वडील तिथल्या मैदानाची निगा राखीत. थोरले बंधू रमेश यांच्यामागे ते मुंबईस आले, पुढे महिंद्राच्या संघात जोकिम कार्व्हालो यांचे मार्गदर्शन लाभले. १९९८ साली बँकॉकच्या आशियाई क्रीडास्पर्धेत भारताला ३२ वर्षांनी पुरुष हॉकीचे सुवर्णपदक मिळाले, तेव्हा कर्णधार तेच होते.

हा वेग उपजत, असे म्हणून आम्हांस मोकळे होता येत नाही. आघाडीचा खेळाडू रिकाम्या जागेत झेपावतो, तो शेजारचा गडी चेंडू देईल या भरवशावर. चेंडू आला नाही, तर तीच झेप प्रेक्षकांना वेडेपणा वाटते. मुलात गुण नाही, हे ठरवण्यापूर्वी त्याच्या शेजारी कोण खेळत होते, हे कितीजण विचारतात?