दिवसाची लाईट

पुणे जिल्ह्यातल्या तळेगाव ढमढेरे, शिक्रापूर, न्हावरे या पट्ट्यात शेतकऱ्यांची एक मागणी कायम कानावर येते : ‘आम्हाला दिवसाची लाईट द्या.’ इंग्रजी शब्दकोश उघडून बसलेला माणूस इथे अडखळेल. दिवसा उजेड मागायचा कशाला? पण मळ्यात लाईट म्हणजे उजेड नव्हेच. विहिरीवरची मोटर ओढेल असा थ्री फेज पुरवठा, एवढाच तिचा अर्थ. वस्तीवर सिंगल फेजवर बल्ब लागलेला असतो, तरी त्याच बल्बाखाली बसून माणूस सांगतो, ‘लाईट नाही, रात्री येणारे.’

या शब्दाने मराठीत येताना ‘वीज’चं स्त्रीलिंग घेतलं, म्हणून लाईट येते, जाते. वीज मात्र आभाळातून पडते. बोलण्यात दोघींनी कामं वाटून घेतली आहेत, आणि म्हणून ‘लाईट म्हणू नका, वीज म्हणा’ हा आग्रह मला पटत नाही. हा शब्द आता इंग्रजीचा उरलेला नाही. त्याचा अर्थ इथल्या उसाने आणि कांद्याने ठरवला आहे.

वेळापत्रकानेही ठरवला. शेतीला थ्री फेज वीज पाळीने मिळते : एका पाळीत दिवसा आठ तास, दुसरीत रात्री दहा. गावठाणाचा आणि शेतीचा फीडर, म्हणजे वीजवाहिनी, वेगळा झाला, तेव्हा घरातली लाईट आणि मळ्यातली लाईट या दोन निराळ्या गोष्टी झाल्या. रात्रपाळी आली की लाईट येते आणि माणूस अंधारात निघतो. हातात बॅटरी, काठी, आणि समोर पाण्याची दारं धरायला उसाची सरी. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या चारही तालुक्यांत बिबट्याचा मुक्काम याच उसात असतो. इतक्या धोक्याचा भार वाहणारा शब्द परका कसा म्हणायचा?

2017 मध्ये राज्याने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली. शेतीच्या फीडरला सौर प्रकल्पांतून दिवसा वीज द्यायची, हा तिचा उद्देश. ती खरोखर प्रत्येक फीडरवर पोचली, तर ‘रात्रीची लाईट’ हा शब्दप्रयोग बोलण्यातून जाईल. शब्द मरताना मला एरवी वाईट वाटतं. हा लवकर मरावा, असं मनापासून वाटतं.