ऐकणाऱ्यांचं काय?

प्रिय मैत्रिणी,



‘फेस्टन’ हा सिनेमा मध्येच बंद केलास, असं तू लिहिलंस आणि विचारलंस, घरातलं असलं काही पडद्यावर बघायचंच कशाला? तुझा जीव घाबरला यात वावगं काहीच नाही. पण तू सिनेमा ज्या जागी सोडलास, त्याच्या पुढचं मला तुला सांगायचं आहे.

डेन्मार्कच्या थॉमस विंटरबर्गचा हा 1998 सालचा चित्रपट. त्याने आणि लार्स फॉन ट्रिअरने 1995 मध्ये ‘डॉग्मे 95’ नावाची शपथ लिहिली होती. कॅमेरा हातातच धरायचा, खऱ्या जागीच चित्रण करायचं, वरून संगीत चढवायचं नाही, दिग्दर्शकाचं नावसुद्धा झळकवायचं नाही. त्या नियमांतला हा पहिला चित्रपट, घरगुती वापराच्या छोट्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर टिपलेला. कुणा पाहुण्याने समारंभ टिपावा तसं त्यातलं चित्र हलतं, खरखरतं. आपणही त्याच पंगतीला बसलो आहोत असं वाटतं, म्हणून ते इतकं अंगावर येतं.

वडिलांची, हेल्गेची, साठी आहे. थोरला मुलगा क्रिस्टियान भाषणाला उठतो आणि शांत आवाजात सांगतो की, लहानपणी वडील त्याच्यावर आणि त्याच्या जुळ्या बहिणीवर, लिंडावर, अत्याचार करत. लिंडाने नुकताच आपला जीव दिलेला आहे. तू इथेच थांबलीस ना? पुढे काय होतं ठाऊक आहे? काहीच होत नाही. थोडा वेळ सगळे गप्प, मग दुसरं कुणी बोलायला उठतं आणि जेवण पुढे सुरू. आई उठून सांगते की, हा लहानपणापासूनच कल्पनेत रमणारा, त्याने वडिलांची माफी मागावी. याच आईने एकदा दार उघडून सगळं पाहिलेलं असतं आणि ती परत फिरलेली असते. धाकटा भाऊ आणखी काही जणांना घेऊन क्रिस्टियानला बाहेर ओढत नेतो आणि झाडाला बांधतो.

क्रिस्टियानच्या बाजूने उभी राहतात ती स्वयंपाकघरातली माणसं. त्याचा बालमित्र तिथे आचारी आहे. तो आणि त्याचे सोबती पाहुण्यांच्या गाड्यांच्या किल्ल्या लपवतात, म्हणजे कुणाला पळ काढता येऊ नये. मला सबंध चित्रपटात हीच कृती सगळ्यांत मोठी वाटते. रक्ताच्या नात्यांनी जे टाळलं, ते पगारी नोकरांनी केलं.

अखेर लिंडाची चिठ्ठी वाचली जाते, तेव्हा कुठे सगळ्यांना पटतं. समोर उभ्या असलेल्या मुलाचा शब्द पुरला नाही, मेलेल्या मुलीचा कागद लागला. याची मला आजही चीड येते.

आपल्याकडे असं नसतं, असं मनात आणू नकोस. मीरा नायरचा ‘मान्सून वेडिंग’ बघ. 2001 मध्ये व्हेनिसला त्याला सुवर्णसिंह मिळाला. दिल्लीतलं लग्नघर आहे. रिया नावाची तरुणी सांगते की, घरातल्या मोठ्या, पैसेवाल्या तेजने लहानपणी तिच्याशी काय केलं. तो आता दुसऱ्या एका लहान मुलीच्या मागे आहे, हे दिसल्यावरच ती तोंड उघडते. वधुपिता ललित तेजच्या उपकारांखाली दबलेला. तो रात्रभर तळमळतो, पण दुसऱ्या दिवशी सगळ्यांदेखत तेजला घराबाहेर जायला सांगतो. ‘फेस्टन’मधल्या आईला जे जमलं नाही, ते हा माणूस करतो.

आणि हे सिनेमापुरतंच नाही. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. त्यात निम्म्याहून जास्त मुलांनी आपल्यावर कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं होतं, आणि करणाऱ्यांत ओळखीची, विश्वासातली माणसं फार होती. 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे असा अत्याचार कळूनही न कळवणं हाच गुन्हा आहे. घराची अब्रू, लग्न मोडेल, लोक काय म्हणतील, ही कारणं त्या कायद्यापुढे चालत नाहीत.

म्हणून उद्या एखादं मूल तुझ्या कानात काही सांगू लागलं, तर “नक्की का?” असं विचारू नकोस. पूर्ण ऐकून घे, “तुझी काही चूक नाही” हे त्याला सांग आणि 1098 या हेल्पलाइनवर फोन कर. आणि तुझा जीव घाबरण्यामागे तुझं स्वतःचं काही असेल, तर मला लिही किंवा सरळ निघून ये. मी तुझ्यावर विश्वास ठेवीन.

तुझी,
आजी