पासंग

बाजारात माळवं घेताना आई आधी रिकामा तराजू उचलायला लावायची. "पासंग बघू दे," म्हणायची. मी मास्तर झालो आणि तेच विसरलो.

चौथीच्या पेपरात विचारलं, गटात न बसणारं कोण? गाय, म्हैस, शेळी, बैल. माझं उत्तर बैल. तो दूध देत नाही. शेळ्या राखणाऱ्या घरातल्या पोरानं 'शेळी' लिहिलं. मी फुली मारली. बेरीज 34. पासाला 35 हवेत. त्याची शाळा तिथंच सुटली.

पुढं माळावर भेटला तेव्हा म्हणाला, "गुर्जी, बाकीची गवत चरत्यात. शेळी पाला ओरबाडती."

खरंच होतं. पेपर बदलला तरी दोन-चार गुण इकडं-तिकडं होतातच. मग एका गुणावर पोराचं आयुष्य तोलायचा हक्क मला कुणी दिला? कच्चं पोर नव्हतं. प्रश्न कच्चा होता. पासंग माझ्याच तराजूत होता.