नाट्यप्रयोगांचे डावे-उजवे

जत्रोत्सवाच्या दिवसांत पेडणे आणि डिचोली या तालुक्यांतील देवळांपुढे मांडव उभे राहतात, तेव्हा नाटक पाहणे आणि पाहिलेल्या नाटकांचे डावे-उजवे करणे या गोष्टी एकमेकींपासून कधीच वेगळ्या राहत नाहीत. एका गावी ‘संशयकल्लोळ’ झाले की शेजारच्या गावातल्या ‘संशयकल्लोळा’ची आठवण निघते. ‘सौभद्रा’तला नारद रंगमंचावर येतो, तेव्हा समोर बसलेल्यांपैकी कोणी तरी ऐन उमेदीत ऐकलेला एखादा नारद मनात घेऊनच बसलेला असतो. या तुलनेला काही अधिकार आहे काय, आणि असल्यास तिची मर्यादा कोणती? प्रश्न वरवर करमणुकीचा दिसतो. आमच्या मते तो नीतीचा आहे. कारण तुलनेच्या शेवटी एक माणूस वर उचलला जातो आणि दुसरा खाली ठेवला जातो.

या बाबतीत आपल्या समाजात दोन मते आढळतात. पहिले मत असे की, देवापुढे केलेले नाटक ही सेवा होय आणि सेवेचे मोजमाप करू नये. या मतामागील सद्भाव आम्हांला मान्य आहे, निष्कर्ष मात्र मान्य नाही. देवाला वाहायचे फूल आपण निवडून घेतो. नैवेद्यात मीठ अधिक पडले, तर ‘भक्तीने रांधले आहे’ असे म्हणून आपण गप्प बसत नाही. मग बेसूर गायलेले पदच तेवढे सेवेच्या नावाखाली का झाकावे? सेवा म्हटली की काळजी वाढते, कमी होत नाही. शिवाय ‘उत्तम झाले’ असे तोंडावर सांगून घरी परतताना वाटेत हसणे, ही कलावंताची आणि देवाची, दोघांचीही फसवणूक आहे.

दुसरे मत याच्या अगदी उलट आहे. ज्याने उत्तम पाहिले, त्याने त्याहून उणे असलेल्याला उणे म्हटलेच पाहिजे, असे हा पक्ष सांगतो. हेही ऐकायला रास्त वाटते. परंतु ‘उणे’ हे कशाच्या मानाने, हा प्रश्न येथे शिल्लक राहतो. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘मानापमान’ १९११ साली रंगभूमीवर आले. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडाच्या साहाय्यार्थ मुंबईत त्याचा संयुक्त प्रयोग झाला. केशवराव भोसले धैर्यधर होते आणि बालगंधर्व भामिनी. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे दोन नायक एकाच रंगमंचावर आले म्हटल्यावर कोण जिंकतो हे पाहायलाही पुष्कळ लोक गेले असतील. परंतु त्या रात्री दोघांपेक्षाही मोठे असे काही तिसरे तेथे होते. एक ते नाटक, आणि दुसरे ते राष्ट्रकार्य. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात केशवराव निवर्तले. कोण सरस ठरला, हा वाद मात्र रसिकांत पुढे कितीतरी वर्षे चालू राहिला.

आता आपल्या मंगेशीचे दीनानाथ घ्या. १९१८ साली स्थापन झालेल्या बलवंत संगीत मंडळीतून त्यांनीही धैर्यधर उभा केला. त्यांनी तो बालगंधर्वांच्या वळणाने गायला नाही, केशवरावांच्याही नाही. आपल्याच तेजस्वी, चपळ ढंगाने गायला. आधीच्या प्रयोगाशी तंतोतंत जुळणे हीच कसोटी असती, तर दीनानाथ त्या कसोटीला उतरलेच नसते. आज ज्यांच्या नावाने आपण नवख्यांना धाक घालतो, ते स्वतः त्या धाकाला भ्यायले नव्हते, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

शिवाय आपल्या आठवणीची साक्षही तपासून घ्यावी लागते. पूर्वीच्या ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचेच गाणे मावत असे. रंगमंचावर ‘वन्स मोअर’ घेत रंगणारे पद त्या तीन मिनिटांत आवळून बसवावे लागे. तेव्हा जो मनुष्य तबकडीशी आजच्या प्रयोगाची तुलना करतो, तो कोणत्याही रात्री न झालेल्या प्रयोगाशी तुलना करीत असतो. आणि जो आपल्या तरुणपणीच्या प्रयोगाशी तुलना करतो, त्याच्या तराजूच्या एका पारड्यात नाटकाबरोबर त्याचे स्वतःचे तारुण्यही असते. पंचवीस वर्षांचा कोणता गायक त्या पारड्याला तोलून धरणार?

न्यायशास्त्राने उपमान हे एक प्रमाण मानले आहे. त्याचे प्रसिद्ध उदाहरण गवयाचे, म्हणजे रानगव्याचे आहे. नगरात राहणाऱ्या माणसाला वनवासी सांगतो की गवय हा गाईसारखा असतो. पुढे तो माणूस रानात जातो, तो प्राणी पाहतो आणि गाईशी असलेल्या साम्यावरून ‘हाच तो गवय’ असे ओळखतो. ‘ही वाईट गाय आहे’ असे तो म्हणत नाही. आमच्या म्हणण्याचे सार एवढ्यात आहे. ओळखीच्या वस्तूच्या आधाराने अनोळखी वस्तू ओळखावी, यासाठी तुलना आहे. अनोळखीला ओळखीची न झाल्याबद्दल शिक्षा करण्यासाठी नाही. बालगंधर्वांची भामिनी पुरुषाने उभी केलेली होती. आज ती भूमिका स्त्री करते. पहिलीच्या आठवणीने दुसरीचे वेगळेपण दिसले, तर ते उपमान. पहिलीच्या आठवणीने दुसरी दिसेनाशीच झाली, तर तो केवळ मोह.

पेडण्याच्या प्रेक्षकाला हे नव्याने सांगण्याची गरज पडू नये. तेरेखोलच्या दोन्ही तीरांवर जो दशावतारी काला चालतो, त्यात संवादांची संहिता लिहिलेली नसते. आख्यान तेच असते, हार्मोनियम, पखवाज आणि झांज तीच असतात. परंतु बोलणे त्या त्या रात्रीचे असते. तेथे ‘मागच्या वर्षीसारखे झाले नाही’ ही तक्रारच पोकळ ठरते. रात्र जागवणारा जाणता प्रेक्षक पाहतो ते एवढेच, की आज राजा राजासारखा बोलला काय आणि संकासुर आला तेव्हा मांडवातली मुले हसली काय. हीच दृष्टी संगीत नाटकाकडे वळवली तर काय बिघडेल?

डिचोली तालुक्याला तर या प्रश्नाचा आणखी एक धागा आहे. १९६७ साली ‘कट्यार काळजात घुसली’ रंगभूमीवर आले. पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या या नाटकाचे संगीत जितेंद्र अभिषेकींचे होते. खाँसाहेब झाले वसंतराव देशपांडे आणि सदाशिव झाले डिचोलीचे प्रसाद सावकार. २०१० साली ते नव्याने रंगमंचावर आले, तेव्हा खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे होते. २०१५ साली त्यावर चित्रपट निघाला आणि त्यात नवी गीतेही आली. यांत मूळचे कोणते आणि सरस कोणते, यावर रसिकांत कडाक्याचे वाद झडले. पण त्या नाटकाचा विषय तरी काय आहे? दोन गायकींची स्पर्धा, त्या स्पर्धेतून उपजणारा मत्सर, आणि त्या मत्सराला ओलांडून प्रतिस्पर्ध्याच्या हवेलीतही विद्या मागायला जाणारा शिष्य. या नाटकाच्या प्रयोगांवरून एकमेकांशी अबोला धरणाऱ्यांनी ते नाटक पाहिले, पण ऐकले नाही, असेच म्हणावे लागेल.

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात प्रयोगाचे परीक्षण करणारे प्राश्निक सांगितले आहेत. प्रत्येकाने आपल्या विषयापुरतेच मत द्यावे, अशी ती योजना आहे: छंदांविषयी छंदांचा जाणकार, गाण्याविषयी गाण्याचा. आणि आदर्श प्रेक्षक कोण, तर पात्राच्या आनंदाने जो आनंदतो आणि त्याच्या शोकाने शोकाकुल होतो, तो. म्हणजे तुलनेचा अधिकार आधी रसात बुडालेल्याला आहे. काठावर बसून खडे मोजणाऱ्याला नाही.

यातून आमच्या मते तीन कर्तव्ये निघतात. प्रयोग संपल्यावर आधी सांगावे, ते याच प्रयोगात नव्याने दिसलेले. दोष सांगावा तो कलावंताच्या तोंडावर, आणि तो सुधारता येईल अशा शब्दांत. आणि जुन्यांची थोरवी सांगायची असेल, तर ती नव्यांना शिकवण्यासाठी सांगावी, त्यांना गप्प करण्यासाठी नव्हे. ही केवळ शिष्टाचाराची गोष्ट नाही. दिवसभर नोकरी किंवा शेती करून रात्री तालमीला येणारी मुले-मुली अजूनही आपल्या गावांत आहेत. त्यांतल्या एकाने आपल्या बोलण्याने पेटीपाशी बसणे सोडले, तर पुढच्या जत्रेत त्या गावच्या मांडवात तुलना करायलाही नाटक उरणार नाही.