दगड आणि दोन नाणी

जुनी प्रार्थनामंदिरे, जुने वाडे, पडक्या गढ्या पाहावयास जाणे आता आपल्याकडेही रूढ झाले आहे. धर्मग्रामाच्या सहलीत अशा स्थळांना हमखास जागा असते. या पाहण्याविषयी एक प्रश्न मात्र आम्हांस सतावू लागला आहे. दुसऱ्याच्या कष्टांवर, प्रसंगी दुसऱ्याच्या अश्रूंवर उभे राहिलेले सौंदर्य निःशंक मनाने पाहण्याचा अधिकार आपल्याला आहे काय?

निमित्त घडले बिरसीचे. गोंदिया जिल्ह्यातील हे गाव मध्य प्रदेशाच्या सीमेकडील भातशेतीच्या मुलखात आहे. 1940 मध्ये, महायुद्धाच्या काळात, इंग्रजांनी येथे धावपट्टी बांधली; 13 मार्च 2022 रोजी येथून प्रवासी विमानसेवा सुरू झाली. जवळच कामठा. तेथील जमीनदार चिमणा पटेल 1818 मध्ये इंग्रजांविरुद्ध उठला आणि जमीनदारी गमावून बसला. पुढे 1951 मध्ये, हा मुलूख मध्य प्रदेशात असताना, जमीनदाऱ्याच संपुष्टात आल्या. धावपट्टी असो वा जमीनदारी, सत्ता बदलत गेल्या. चिखलात उभे राहून रोवणी करणारे हात मात्र तेच राहिले.

त्या रस्त्याने जाताना एका वृद्ध शेतकऱ्याने आम्हांस विचारले, ‘‘काय पाहाले आले जी?’’ जुने वाडे पाहण्यास निघालो आहोत, असे आम्ही सांगितले. तो हसला. ‘‘मोठ्याचं घर सारेच पाहातेत जी. आमचं पाहाले कोणी येत नाही.’’ त्याच्या मातीच्या घराची एक भिंत पावसाने खचली होती. आम्ही निरुत्तर झालो.

कोणी म्हणेल, मग पाहणेच सोडावे काय? तसे आम्हांस वाटत नाही. न पाहिल्याने अन्याय पुसला जात नाही. उलट तो विसरला जातो. शिवाय वास्तूंची कथा क्वचितच एकेरी असते. वसईच्या किल्ल्यातील छप्पर उडालेली प्रार्थनामंदिरे पाहताना आमचे मन आजही हेलावते. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि तेथील घंटा विजयचिन्हे म्हणून देशावर गेल्या. वाईजवळच्या मेणवलीस, नाना फडणविसांच्या वाड्यालगतच्या घाटावर, अशीच एक घंटा आहे. तिच्यासमोर ख्रिस्ती माणसाला हळहळ वाटणे स्वाभाविक आहे. परंतु पोर्तुगीज अमलात हिंदू प्रजेला जो धार्मिक जाच झाला, तो विसरून ही हळहळ करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. आपली जखम मोजणाऱ्याने आपण केलेली जखमही मोजली पाहिजे.

रोमच्या संत पेत्राच्या बॅसिलिकेच्या बांधकामासाठी सोळाव्या शतकात दंडमाफीच्या नावाने पैसा गोळा करण्यात आला, आणि ख्रिस्तसभा दुभंगण्यास ते एक निमित्त ठरले. त्याच बॅसिलिकेत 12 मार्च 2000 रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी ख्रिस्तसभेच्या लेकरांच्या अपराधांबद्दल देवाची क्षमा मागितली. वास्तू पाडली नाही, तिची लाजही बाळगली नाही. तिच्या छपराखाली सत्य उच्चारले. आम्हांस यात मार्ग दिसतो.

संत मार्कच्या शुभवर्तमानात दोन प्रसंग एकमेकांना लागून येतात. मंदिराच्या दानपेटीसमोर बसलेला प्रभू दोन नाणी टाकणाऱ्या गरीब विधवेकडे शिष्यांचे लक्ष वेधतो. लगेच मंदिराबाहेर पडताना एक शिष्य त्याला तेथील प्रचंड दगड आणि भव्य इमारती दाखवतो. स्थळ एकच, दिवस एकच. पण एकाला नाणी दिसली, दुसऱ्याला दगड. प्रभूने शिष्याला इमारत पाहू नको असे सांगितले नाही. ती टिकणार नाही, एवढेच सांगितले. विधवेचे दान मात्र टिकले.

सहल आणि यात्रा यांत भेद असेल तर तो हाच. सहलीला गेलेला दगड पाहतो. यात्रेकरू दगडांमागची दोन नाणी शोधतो. तेव्हा यापुढे कोणत्याही वाड्याच्या वा प्रार्थनामंदिराच्या दारात आपण स्वतःलाच विचारावे: हे दगड कोणी वाहिले? त्यांना मजुरी मिळाली काय? आणि त्यांची लेकरे आज कोठे राहतात? या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा वाटेवरच भेटते. बिरसीच्या वाटेवर ते आम्हांस भेटले होते, आणि आम्ही त्याच्या खचलेल्या भिंतीकडे ओझरते पाहून पुढे निघालो होतो. त्याचा हिशेब आम्हांस द्यावा लागणार आहे.