पाव आटा

गेल्या हंगामात आमच्या ट्रॅक्टरच्या डिझेल पंपाचं सील मी मिस्त्रीकडून तोडून घेतलं. त्यानं स्क्रू पाव आटा फिरवला. कापसाची ट्रॉली चढावर सहज निघाली. हवा मात्र तेवढीच. जास्तीचं डिझेल नीट जळत नाही, काळा धूर होतो. पैसे माझे, मग निर्णयही माझाच ना? पण धूर सेवाग्रामच्या रस्त्यावर मागून सायकलनं येणाऱ्या पोरींच्या तोंडावर. गांधीजी १९३६ साली इथं राहायला आले. यंत्र त्यांना सरसकट नकोसं नव्हतं, शिवणयंत्राचं तर कौतुक होतं. आक्षेप हव्यासावर होता. आणि खरं सांगू? चढ आधीही चढायचाच, फक्त पहिल्या गिअरमध्ये. परवा स्क्रू मागे घ्यायला सांगितलं. मिस्त्री हसला, “भाऊ, लोकं तं अजून वाढवून मागते!”